डॉक्टर मोहित्यांची काउंटी

आमच्या शेजारच्या डॉक्टर मोहित्यांना वारा सुटला की आनंद होतो. वारा इंग्लंडातल्या आमच्या नॉटिंगहॅमचा नव्हे. इथला वारा त्यांच्या खिजगणतीतही नसतो. त्यांचा वारा अमेरिकेत, कोलोरॅडोच्या पूर्व टोकाला असलेल्या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, सुटलेला असतो. सोमवारी सकाळी मी कचऱ्याचा बिन रस्त्यावर ठेवायला बाहेर पडले की कुंपणापलीकडून आवाज येतो, "मेधा, काल आपल्या काउंटीत दिवसभर वावटळ. समोरचं दिसत नव्हतं. छान झालं." आणि एखाद्या सकाळी चेहरा पाडून उभे असतात. काय झालं म्हणून विचारावं तर म्हणतात, "आज तिकडे वाऱ्याचं नाव नसणार. आकाश निरभ्र. ऊनही बेताचं." घरात कोणी आजारी असल्यासारख्या सुरात हे सांगतात. मीही सवयीने "होईल सगळं नीट" म्हणते आणि कामाला जाते.

तीनेक वर्षांपूर्वी हे बोलणं सुरू झालं तेव्हा "आपली काउंटी" म्हणजे इथली नॉटिंगहॅमशायर, असं मी पहिले काही आठवडे समजत होते. बाहेर भुरभुर पाऊस चालू असताना हा सुशिक्षित माणूस "कोरडं आहे" असं ठामपणे का सांगतो, हे मला कळेना. मी फार्मासिस्ट असल्यामुळे माझ्या मनात लगेच औषधांची नावं यायला लागली होती. माझा नवरा संदीप म्हणाला, तू आधी त्यांना विचार तरी. विचारल्यावर त्यांनी मला घरात बोलावून नकाशा दाखवला.

डॉक्टर मूळचे दुष्काळी जतचे. चाळीसेक वर्षांपूर्वी इथे आले आणि इथल्याच हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून रिटायर झाले. आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. उंच, सडपातळ, घरातसुद्धा शर्ट खोचलेला. आमची घरं जोडघरं, मधली भिंत सामाईक. त्यांचा सकाळचा चहा उकळतो तो आम्हाला ऐकू येतो, आणि आमची भांडणं त्यांना ऐकू जात असणार. पण त्यांनी कधी तसं दाखवलं नाही.

या देशात हवेबद्दल बोलणं म्हणजे काहीच न बोलण्याची सोय आहे. बस स्टॉपवर, लिफ्टमध्ये, दवाखान्यात कुणीही कुणालाही "लव्हली डे" म्हणावं, समोरच्याने "इझंट इट" म्हणावं, आणि दोघांनी आपापल्या वाटेने जावं. इतक्या साध्या विषयात चुकायला वाव नाही असं मला वाटायचं. डॉक्टरांनी तो काढला. समोरच्या ब्रेंडाबाई त्यांना "लव्हली डे, डॉक्टर" म्हणाल्या की हे थांबून, विचार करून उत्तर द्यायचे, "हिअर, येस." मग तिकडे काय चाललंय ते सांगायला सुरुवात. ब्रेंडाबाई आता लांबूनच हात हलवतात.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांचा चार्ट असतो. चौकटीचा कागद, खाली तास, डावीकडे आकडे. भूल दिलेल्या पेशंटचा मांडतात तसाच. ब्लडप्रेशरच्या जागी वारा, नाडीच्या जागी तापमान, आणि ऑक्सिजनच्या जागी हवेतला दमटपणा, जो तिकडे बहुतेक नसतोच. ऑपरेशन चालू असताना दर पाच मिनिटांनी नोंद करायची असते. रिटायर माणसाला ते झेपत नाही, म्हणून यांची तासाला एक. आपली दुपार म्हणजे तिकडची पहाट. दुपारी एकला चार्ट सुरू होतो आणि रात्री जेवण झाल्यावर संपतो. शेवटी कोपऱ्यात एक शब्द लिहितात: स्टेबल. हा त्यांचा लाडका शब्द. दूध स्टेबल, बॉयलर स्टेबल, आपली काउंटी स्टेबल. शैलाताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, शेवटच्या आजारात होत्या तेव्हा हा शब्द डॉक्टरांनी एकदाही वापरला नाही, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

त्यांच्या धंद्याच्या गोष्टी ऐकायला मला आवडतात. "सर्जन बोलतो, नर्स बोलते, रेडिओसुद्धा चालू असतो," ते सांगायचे. "फक्त पेशंट बोलत नाही. त्याला काय होतंय ते त्याला विचारता येत नाही. मग आकड्यांवरून ओळखायचं. तो डोळे उघडून बोलायला लागला की आमचं काम संपलं, चार्ट बंद." आणि नव्या पोरांना ते एक नियम शिकवायचे. मॉनिटर अचानक सपाट झाला की घाबरून मॉनिटरशी खटपट करायची नाही. आधी पेशंटकडे बघायचं. दहातल्या नऊ वेळा नुसती वायर सुटलेली असते, पण दहाव्या वेळेसाठी आधी पेशंट. तीस वर्षं त्यांनी हे घोकून घेतलं, आणि आम्हालाही जेवताना दोन-चारदा ऐकवलं.

मागच्या अंगणात त्यांनी ती काउंटी लावायचा प्रयत्नही केला. हिरवळ उपटून खडी टाकली, त्यात तिकडचं बुटकं गवत, एक काटेरी निवडुंग आणि तलवारीसारख्या पानांचा युक्का लावला. खडी गल्लीतल्या झाडून सगळ्या मांजरांना फार सोयीची झाली. गवत पहिल्याच हिवाळ्यात कुजलं. निवडुंग मात्र वाचवायचाच असा डॉक्टरांनी पण केला. पाऊस आला की ते छत्री घेऊन बाहेर जातात आणि निवडुंगावर धरून उभे राहतात. स्वतः भिजतात. मी एकदा खिडकीतून ओरडून सांगितलं, अहो, तुम्हाला सर्दी होईल. ते म्हणाले, "मला सवय आहे. याला नाही."

गेल्या गणपतीत मंडळाने त्यांना भाषणाला बोलावलं. शाळेचा हॉल, मागे मोदकांची ताटं, समोर साठीच्या पुढची पंचवीस-तीस माणसं. विषय होता निवृत्तीनंतरचं आरोग्य. डॉक्टरांनी सुरुवात चांगली केली. नियमित चालावं, मीठ कमी खावं, असं दोन मिनिटं झालं. मग म्हणाले, चालण्यासाठी हवा महत्त्वाची. आणि तिथून गाडी जी कोलोरॅडोला गेली ती परत आली नाही.

कोलोरॅडो म्हटलं की लोकांना डोंगर आठवतात, पण ही काउंटी डोंगर संपून पूर्वेला बरंच पुढे गेल्यावर लागते, असं त्यांनी सांगितलं. जमीन सपाट, पण उंचावर. महाबळेश्वरच्या उंचीची, पण महाबळेश्वरचा पाऊस नाही. ओल घेऊन येणारे वारे डोंगरापलीकडेच मोकळे होतात, हिच्या वाट्याला उरलेली कोरडी हवा. "म्हणजे आमचं जतच," ते म्हणाले, "फक्त बर्फ पडणारं." पाऊस पडतो तो उन्हाळ्यात, संध्याकाळी, ढग गडगडून, तोही एका शेतात पडतो आणि शेजारच्या शेतात नाही. दुपारी अंगाची लाही होते आणि पहाटे स्वेटर लागतो. हिवाळ्यात एखाद्या दिवशी डोंगरावरून गरम वारा उतरतो आणि सकाळचा बर्फ दुपारपर्यंत गायब. कधीकधी ढगातून पाऊस निघालेला डोळ्यांना दिसतो, पण जमिनीपर्यंत पोचत नाही, वाटेतच सुकतो. जून महिन्यात गारा, लिंबाएवढ्या, कधी त्याहून मोठ्या. गहू कापणीला आलेला असतो नेमका तेव्हा.

अर्ध्या तासाने साठेकाकूंनी हात वर केला. "ते सगळं खरं, डॉक्टर. पण गुडघेदुखीचं काय?"

"हवा कोरडी आहे," डॉक्टर म्हणाले. "तिकडे दुखणार नाहीत."

टाळ्या वाजल्या, कारण मोदक उघडले होते. गाडीतून घरी येताना संदीप हसून हसून बेजार झाला होता. मी हसत होते, पण मला थोडं आत कुठेतरी लागतही होतं. मला त्या काउंटीत कोण राहतं ते ठाऊक होतं.

डॉक्टरांना एकच मुलगा, निखिल. इथेच जन्मला, इथेच वाढला. मेडिकलला गेला आणि चौथ्या वर्षी सोडून दिलं. मग पवनचक्क्या दुरुस्त करायचं काम शिकला. दोर बांधून वर चढायचं, वरच्या पेटीत शिरायचं, बिघाड काढायचा. शैलाताई मला सांगत होत्या, पोरगं पहिल्यांदा हसायला लागलं होतं. पण एका रात्री जेवताना डॉक्टर म्हणाले, "मला कुणी विचारलं मुलगा काय करतो, तर काय सांगू? पंखे दुरुस्त करतो?" निखिल ताट घेऊन उठला, ते धुऊन ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी गेला. पुढे कामासाठी अमेरिकेला गेला, तिथे केली नावाच्या मुलीशी त्याची ओळख झाली. तिच्या वडिलांची त्या काउंटीत गव्हाची शेती, आणि शेताच्या कडेने पवनचक्क्या. लग्न तिकडेच झालं. शैलाताई एकट्या गेल्या. डॉक्टरांना सुट्टी मिळाली नाही, असं ते सांगायचे. तेव्हा ते रिटायर होऊन वर्ष झालं होतं.

दर रविवारी शैलाताई फोन करायच्या आणि डॉक्टर त्याच खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसायचे. तासाभरात पान उलटायचं नाही. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. निखिल चार दिवस आला होता. बापलेक त्या चार दिवसांत बॉयलरबद्दल बोलले. त्यानंतर वाढदिवसाला एकेक मेसेज, दुसरं काही नाही.

शैलाताईंच्या आयपॅडवर डॉक्टरांना एक पान सापडलं. ताईंनी त्याला नाव दिलं होतं, निखिलची हवा. निखिलने आपल्या अंगणात खांब रोवून त्यावर छोटं हवामान केंद्र बसवलंय, हौस म्हणून. वारा, तापमान, पाऊस मोजतं आणि दर पाच मिनिटांनी आकडे इंटरनेटवर टाकतं. डॉक्टरांचा चार्ट त्या खांबावरचा. वारा एका मर्यादेपलीकडे गेला की पवनचक्कीवर कुणाला चढू देत नाहीत, हे त्यांनी कुठेतरी वाचून काढलं होतं. म्हणून वावटळ सुटली की छान. म्हणून निरभ्र, शांत दिवशी त्यांना घास गिळवत नसे. पोरगा वर असणार, एवढाच त्याचा अर्थ.

फोन का करत नाही, असं मी दोनदा विचारलं. "स्टेबल आहे ना," ते म्हणाले. "उगाच कशाला उठवायचं."

जूनमधल्या एका शनिवारी मी टोमॅटोला पाणी घालायला बाहेर आले तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला नाही. भिंतीतून चहाही उकळलेला ऐकला नव्हता. मी जाऊन दार वाजवलं. डॉक्टरांनी उघडलं, शर्ट खोचलेला नव्हता. टेबलावर आयपॅड होता आणि त्यावरची रेघ मध्येच तुटली होती. आमच्याकडे मध्यरात्र उलटली तेव्हा तिकडे संध्याकाळ होती, वारा एकदम वाढला होता, पाऊस सुरू झाला होता, आणि मग काही नाही. आठ तास काही नाही.

"गारपिटीचा इशारा होता," ते म्हणाले. "वादळाचाही."

मी म्हटलं, मग फोन करा. ते म्हणाले तिकडे रात्रीचा एक वाजलाय. ते बरोबर होतं. मी उपमा करून आणला, तो त्यांनी खाल्ला नाही. तिकडच्या बातम्या शोधल्या, त्यात त्या काउंटीचं नाव नव्हतं. ती काउंटी बातम्यांत नसतेच. नऊ वाजले, दहा वाजले. बॅटरी गेली असेल. तार सुटली असेल. पाणी शिरलं असेल. दर थोड्या वेळाने ते पान नव्याने उघडायचे आणि पुन्हा तीच तुटकी रेघ. दुपारी एक वाजला, तिकडचे सकाळचे सहा, चार्ट सुरू व्हायची वेळ. त्यांनी नवा कागद घेतला, तारीख घातली आणि पेन्सिल हातात धरून बसून राहिले.

"आता करा," मी म्हटलं.

"आज शनिवार. झोपला असेल. अजून तासभर बघू, केंद्र आपोआप चालू होईल."

मला राग आला. मी त्यांच्यापेक्षा अठ्ठावीस वर्षांनी लहान, एरवी त्यांच्यासमोर पाय पसरून बसत नाही, पण त्या दिवशी माझा आवाज चढला. "डॉक्टर, मॉनिटर बंद पडला की आधी काय करायचं?"

ते अगदी हळू म्हणाले, "पेशंटकडे बघायचं."

"मग बघा ना."

नंबर त्यांना पाठ होता. फोनमध्ये साठवलेला नव्हता. आकडे दाबताना ते दोनदा चुकले. चाळीस वर्षं लोकांच्या शिरेत सुई घातलेला हात, आणि त्याला एक बटण सापडेना. स्पीकर कसा बंद करायचा ते त्यांना येत नाही, आणि मी काही तो बंद केला नाही.

चौथ्या रिंगला आवाज आला. "बाबा? काय झाला? आर यू ऑलराइट?"

"तुझं केंद्र बंद आहे," डॉक्टर म्हणाले.

"हो. काल गारा पडला. खूप मोठा मोठा. खांब पडली."

"तू कुठे होतास?"

"घरात. आम्ही दोघं बेसमेंटमध्ये. वी आर फाइन, बाबा. केलीच्या डॅडचा गहू गेला, अर्धा." मग म्हणाला, "तू बघतोस ना रोज? मला कळतो. पेजवर दिसतो, कोण कुठून बघतो ते. रोज नॉटिंगहॅमचा एकच माणूस."

"नॉटिंगहॅममध्ये पुष्कळ माणसं आहेत," डॉक्टर म्हणाले.

निखिल हसला असावा. डॉक्टर घसा साफ करून पुढे बोलू लागले, घाईघाईने, चार्ट वाचल्यासारखं. वादळानंतर वारा पडतो, आज-उद्या हवा शांत असणार, लोक लगेच वर चढायला बघतील, पण पाती ओली असतील, विजेने काही बिघडलं असेल, तर तू लगेच चढू नकोस.

"बाबा," निखिल म्हणाला, "मी नाही चढत आता. दोन वर्षं झाला. मी नवीन मुलांना शिकवतो. क्लासरूममध्ये."

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. मी भिंतीकडे बघितलं. तिथे खिळ्याला गेल्या तीन वर्षांचे चार्ट अडकवलेले होते, दर महिन्याचा एक गठ्ठा. त्यातली दोन वर्षं हा माणूस शांत हवेला घाबरून उपाशी राहिला होता, आणि मुलगा तिकडे फळ्यासमोर उभा होता. मला हसूही आलं आणि रडूही आलं. मी दोन्ही आवरलं.

"काय शिकवतोस?" डॉक्टरांनी विचारलं.

"सेफ्टी. पहिल्या दिवशी मी सांगतो, वर अलार्म वाजला तर मशीनकडे नाही बघायचा. आधी पार्टनरकडे बघायचा. माणूस आधी." मग म्हणाला, "इट्स युअर्स, बाबा. मी त्यांना सांगतो, माझे बाबांचा रूल आहे. ते लिहून घेतात सगळे."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, तरी दिसेना म्हणून परत काढला. मी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. पलीकडून निखिल दोनदा "बाबा?" म्हणाला.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "आज वारा किती आहे तिकडे?"

"खांब पडली ना."

"खिडकीतून बघून सांग."

निखिल उठल्याचं ऐकू आलं, पडदा सरकवल्याचं ऐकू आलं. मग तो सांगायला लागला, त्याच्या मोडक्या मराठीत, सावकाश. आकाश पूर्ण निळी आहे. गवत हलत नाही. अंगणात गारा अजून थोडा आहेत, कोपऱ्यात. केलीचा डॅड शेतात उभा आहे, टोपी काढून. मी आपल्या घरी निघून आले. नंतर भिंतीतून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते, पण बॉयलरचा विषय नसावा.

सोमवारी सकाळी मी बिन घेऊन बाहेर पडले. बारीक पाऊस होता. डॉक्टर कुंपणापाशी उभे होते, छत्री स्वतःच्या डोक्यावर. निवडुंग पलीकडे भिजत होता. त्यांच्या रिसायकलिंगच्या बिनचं झाकण नीट लागत नव्हतं, आतून चौकटीच्या कागदांचे गठ्ठे वर आले होते.

मी सवयीने विचारलं, "काय डॉक्टर, आपली काउंटी कशी आहे आज?"

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "संध्याकाळी त्याला विचारून सांगतो."